आठाच्या शेजारचा नऊ

प्रेमाला उजेड लागत नाही. काळोखाचे डोंगर ओलांडत, नक्षत्रांच्या खाणाखुणा बघत, ते आपल्या माणसापाशी बरोबर पोचतं. निमगाव सावा येथे मात्र ते पोचलं, ते रखमाजींच्या बटणांच्या फोनमध्ये आठच्या बटणापर्यंत उजेड पोचत नव्हता म्हणून.

त्या फोनवर शेतातली मोटर चालायची. विहिरीवरच्या पेटीत एक सिमकार्ड होतं. त्याला फोन लावायचा, आतली बाई "मोटर चालू करण्यासाठी एक दाबा" असं गोड आवाजात सांगायची, एक दाबला की कांद्याला पाणी सुरू. दिवेलागणीनंतर विहिरीवर चालत जायची हौस कुणालाच नव्हती. उसात बिबट्या राहायला होता, आणि त्याच्याकडे फोन नव्हता.

नंबर सेव्ह केलेला नव्हता. "सेव्ह केलं की माणूस विसराळू व्हतो," असं रखमाजींचं मत होतं. ते स्वतः चष्मा कुठे ठेवला हे रोज विसरत, त्यामुळे बटणं दाबायचं काम त्यांच्या मुलीकडे, वृषालीकडे असे.

त्या संध्याकाळी थंडी अंगणात उतरली होती. चुलीचा धूर शेवग्याच्या फांद्यांत अडकून बसला होता. वृषालीने शालीतून एक हात बाहेर काढला आणि नंबर लावला. शेवटचा आकडा आठ. तिथे काळोख. अंगठा चाचपत गेला... आणि जरासा घसरला.

"हॅलो?" पुरुषाचा आवाज.

वृषालीने एक दाबला.

"हॅलो, कोण?"

तिने पुन्हा दाबला – जरा रागाने.

"अवो, कानात शिट्टी कशापायी वाजवताय?"

"पेटीतली बाई कुठं गेली?"

"कंची बाई?"

"मोटर चालू करणारी!"

"हितं बाई न्हाई, मी एकटाच हाय. आन् मी चालूच हाय..."

"ते कळालं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

हा चालू इसम म्हणजे खोडदचा ऋषी. नारायणगावच्या स्टँडजवळ त्याची मोबाइल दुरुस्तीची टपरी होती. मोटरचं सिमकार्ड त्यानेच विकलेलं, आणि त्याच्या शेजारचा नंबर स्वतःला ठेवलेला. मोटरच्या शेवटी आठ, ऋषीच्या शेवटी नऊ. फोनच्या बटणांवर दोघं खेटून राहायचे.

दुसऱ्या संध्याकाळीही अंगठा घसरला. तिसऱ्याही.

"मोटर बोलतीय," ऋषी म्हणाला. "किती पाणी सोडू?"

"तुमच्यात पाणी हाय का तेवढं?"

"बघा की लावून..."

ती हसली, आणि लगेच हसू गिळलं. पण फोनमधून ते गेलं होतं. टपरीत ऋषी बराच वेळ एका मेलेल्या फोनकडे बघून हसत बसला. गिऱ्हाइकाला वाटलं, फोन वाचला.

शेवटी वृषाली फोन घेऊन टपरीवरच आली.

"ह्याची मधली बटणं दिसत न्हाईत. भलताच माणूस उचलतो."

ऋषीने आवाज ओळखला. वर बघितलं... आणि हातातला स्क्रू खाली पडला तो आजवर सापडलेला नाही.

"भलताच म्हंजी... कसा हाय माणूस?"

"बोलतो लई. कामाचा किती, ते आज कळंल."

कामाचा दिसण्याच्या नादात ऋषीने फोनच्या आत उजवीकडे नवा, जोरदार दिवा बसवला. दोन दिवसांनी ती परत हजर.

"हे बघा. नऊ मांडवासारखा पेटलाय आन् आठ त्याच्यापुढं पार काळाठिक्कर! आता आबा बी तुमालाच फोन लावतात. काल तुमी त्यांना काय म्हणालात?"

"मी... 'बोला राणी' म्हणालो."

"आबांनी जेवण सोडलं."

"मला काय ठावं!"

"मुद्दाम केलंत ना हे?"

"न्हाई..." ऋषीने मान खाजवली. "निम्मं."

मग त्याने फोन उघडून दाखवला. बटणांखाली एक पातळ, पारदर्शक पापुद्रा होता. दिवे दोन कडांना. उजेड कडेने आत शिरायचा आणि कडेच्या बटणांतच सांडून जायचा.

"कालव्यासारखं झालं की," वृषाली वाकून बघत म्हणाली. "मुखाशी ऊस डोलतो, शेवटाला नुसती बोंब." तिची वेणी काउंटरवर आली होती. ऋषीला पापुद्रा दिसेनासा झाला.

"मग... मग असं करायचं. ह्याच्यावर पांढरे ठिपके मारायचे. ठिपका असंल तिथंच उजेड वर येतो. दिव्याजवळ बारीक, विरळ. लांब जाईल तसे मोठे, दाट. मंग समद्यांना सारखं."

"मंग करा. नीट करा." तिने वेणी मागे टाकली. "रविवारी मंचरचे पावणे मला बघायला येणार हायेत. मी गेल्यावर आबांना एकट्यांना दिसायला पायजे. मी कायम थोडीच आठ शोधायला असणार..."

ऋषीने बोलायला तोंड उघडलं. सगळं जिभेवर आलं होतं.

"बॅटरी बी फुगलीय," तो म्हणाला.

वृषालीने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि ती बस पकडायला निघून गेली.

ऋषी ठिपके मारायला बसला. प्रत्येक ठिपक्यागणिक त्याला कळत होतं, की उजेड सारखा झाला की संध्याकाळचा फोन बंद. एक ठिपका चुकवला असता तरी चाललं असतं. पण अंगणात एकटेच नंबर चाचपणारे रखमाजी डोळ्यांपुढे येत, आणि हात आपोआप नीट चाले. काम झालं. बाराही बटणं एकाच उजेडात उजळली, दुधासारखी. एवढं सुंदर काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं, आणि एवढं दुःखही. शनिवारी ती येऊन फोन घेऊन गेली. 'बरं झालं,' एवढंच म्हणाली.

संध्याकाळी तो खोडदला घराच्या ओट्यावर बसला. समोर खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या अगडबंब डिशा आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांना अब्जावधी मैलांवरचं ऐकू येतं म्हणतात. ऋषीला निमगाव साव्याहून काही ऐकू येईना. शेतीची वीज यायची वेळ झाली. मोटर सुरू झाली असणार. बाईच्या गोड आवाजात. संपलं.

फोन वाजला.

"हॅलो..." त्याचा आवाज फाटला. "आठ दिसत न्हाई का?"

"दिसतंय की. लख्ख."

"मंग... चुकून लागला?"

"नऊ बी लख्ख दिसतंय," वृषाली म्हणाली. "बघून दाबलंय."

ऋषी उभा राहिला, बसला, परत उभा राहिला.

"वृषाली, त्या मंचरवाल्यांना नको म्हणा. मला... मला तुमी पायजे. दुकानातच सांगायचं व्हतं, पर–"

"बॅटरी फुगली व्हती."

"व्हय."

"किती वेळ लावलात वो!" ती म्हणाली, आणि तिने एवढा लांब श्वास सोडला की ऋषीलाही आपला सोडता आला. पलीकडे कुणीतरी खाकरलं. फोन हातातून हातात गेला.

"मी रखमाजी बोलतोय. मंचरला आत्ताच निरोप धाडतो. उद्या तुमच्या आईवडलांना घेऊन या."

"व्हय आबा... येतो आबा!"

"आन् पावणं..."

"बोला ना आबा."

"येताना तो स्क्रू ड्रायव्हर तेवढा आणा. ह्या फोनचा आवाज जरा कमी करून द्या. समदी वस्ती अंगणात येऊन बसलीय."