दुधावरचा आळ

"माझ्या सख्ख्या भावाने मला विष घातलंय," असं म्हणून डेअरीवाले खुर्चीत बसले आणि लागोपाठ तीनदा शिंकले. त्यांचे ओठ सुजलेले होते.

भाऊजींना त्यांची दया आली. भाऊजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. वहिनी गुन्हे उलगडायच्या आणि भाऊजी हिरिरीने चुकीचे अंदाज बांधायचे.

"डॉक्टर काय म्हणतात?" वहिनींनी विचारलं.

"दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असावी म्हणे. तपासणी व्हायचीय, तोवर दूध-चीज बंद. अहो, उभा जन्म चीज चाखण्यात गेला माझा! हल्ली सकाळी चाखायला बसलो की तोंडाला खाज सुटते. काल तर घसाच आवळला. चीजला मीठ लावतो धाकटा. माझ्या चाखणाऱ्याच्या खुर्चीवर डोळा आहे त्याचा. आज दुपारच्या आत चालता हो म्हणून सांगितलंय."

डोळे पुसायला त्यांनी रुमाल ओढला आणि खिशातून चीजचा कुरतडलेला तुकडा पडला.

"हे काय?"

डेअरीवाले ओशाळले. "काल संध्याकाळी राहवलं नाही. सकाळच्याच गोळ्यातलं आहे."

"मग त्रास झाला?"

"नाही झाला."

"विष फक्त वरच्या थरात असणार!" भाऊजी म्हणाले. वहिनींनी चपला घातल्या आणि सगळे डेअरीकडे निघाले.

डेअरीच्या खिडक्या उघड्या होत्या. मोहरलेल्या झाडांची पिवळी धूळ ओट्यावर येत होती आणि मालकांच्या शिंका थांबत नव्हत्या. धाकटा भाऊ सामान बांधत होता.

"मी मीठ लावलेलं चीज माझी पोरंही खातात," तो वहिनींना म्हणाला. "दादाला एवढंही कळू नये?"

"चाखण्याच्या पद्धतीत काही बदललं?"

"काही नाही. दोन चवींमध्ये दादा पाव खायचा, आता सफरचंदाची फोड खातो. पावाने वजन वाढतं म्हणून पुतणीने बदललं."

पुतणी, म्हणजे मालकांची एकुलती एक लेक, फोडीच चिरत होती.

"बाबांचं सगळं मीच बघते," ती म्हणाली. "घरीसुद्धा जेवणावर सफरचंद लागतं त्यांना. शिजवून देते."

"शिजवून का? दात तर खणखणीत दिसतात."

सुरी क्षणभर थांबली. "त्यांना तसंच आवडतं."

एवढ्यात मालक तरातरा आले. "धाकट्याच्या तोंडावर चाखतो, होऊन जाऊ दे!" कोणी अडवायच्या आत त्यांनी चीजचा तुकडा तोंडात टाकला. धाकटा जागच्या जागी खिळला. मालकांनी घास गिळला आणि फोडीकडे हात नेला.

वहिनींनी ताटली उडवून दिली.

"चीजमध्ये विष नाही. काल त्याच गोळ्यातलं तुम्हाला पचलं. म्हणजे दुधावरचा आळही डळमळला. मग सकाळी चाखताना चीजखेरीज तोंडात काय जातं? कच्चं सफरचंद. मोहराच्या धुळीने शिंकणाऱ्या काही जणांना कच्चं फळ बाधतं, शिजवलेलं चालतं. खात्री डॉक्टरच करतील, तोवर चीज आणि सफरचंद दोन्ही बंद."

"म्हणजे बिचारीच्या हातून नकळत झालं!" भाऊजींनी सुटकेचा श्वास टाकला.

"नकळत असतं, तर घरी शिजवायचे कष्ट कशाला घेतले असते? कच्चं बाधतं हे हिला ठाऊक होतं."

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. "बागेत एकदा सफरचंद तोडून खाल्लं, तेव्हा बाबांचे ओठ सुजलेले पाहिले होते. बाबा म्हणाले, माशी चावली. मला वाटलं, ओठ सुजतील, कंटाळून चाखणं सोडतील. घसा आवळेल असं वाटलं नव्हतं."

"काल आवळला," वहिनी म्हणाल्या. "आणि आज तू पुन्हा फोडी चिरल्यास."

तिला रडू फुटलं. "मला ती खुर्ची हवी होती, बाबा. चीज कसं झालंय, हे तुम्ही मला जन्मात एकदा तरी विचारलंत?"

भाऊजींना तिचा राग आला होता, आणि वाईटही वाटत होतं.

"तू मागितली असतीस तर मी नाहीच म्हणालो असतो," मालक अखेर म्हणाले. "ती माझी चूक. पण आता हो म्हणायची सोय तू ठेवली नाहीस."

मग ते भावाजवळ गेले, खाली बसले आणि त्याच्या सामानाच्या गाठी सोडू लागले. धाकट्याने त्यांना मदत केली नाही.