कोऱ्या चिठ्ठीवरचा येगोर

बटाटे लावायला जमीन उकरली की आमच्याकडे आधी लोखंड निघतं, मग हाडं, आणि नशिबात असेल तर माती. स्टालिनग्राडची लढाई आमच्या परसातून गेली, त्याला आता सत्तर वर्षं झाली. इथूनच जर्मन मागे फिरले म्हणे. फिरले असतील, आमची पोरं मात्र इथेच राहिली. म्हणून दरवर्षी बर्फ वितळला की गावातले आम्ही पाचसहा जण सळया घेऊन माळावर जातो, सापडतील तेवढे सैनिक वर काढतो आणि पेटीत घालून रीतसर पुरतो. मी शाळेत स्वयंपाकीण. तीस वर्षं कोबी चिरला, हाडं उचलली, मला कशाची शिसारी नाही. भीतीही नव्हती.

त्या एप्रिलात शेजारच्या ग्लाफिरा मावशीला सूप द्यायला गेले होते. म्हातारी अंथरुणाला खिळलेली. तिचा थोरला भाऊ येगोर अठराव्या वर्षी याच घरातून लढायला गेला आणि इथल्याच माळावर बेपत्ता झाला. त्याची वाट बघत आई गेली, आता हिची पाळी.

"अंतोनिना, डॉक्टर म्हणतो पंधरा दिवस," ती म्हणाली. "येगोरला मूठभर माती दिल्याशिवाय वर जाऊन आईला काय तोंड दाखवू गं?"

मला रडू आलं. मी ते रागावून झाकलं. "आधी सूप पी, मग मरणाच्या गोष्टी कर!"

तिसऱ्या दिवशी माळावर माझी सळई हाडाला लागली. खंदकात आडवा पडलेला एक पोरगा, डाव्या मुठीत चमचा. छातीपाशी बोटाएवढी काळी नळी. तेव्हा प्रत्येक सैनिकाला अशी नळी मिळायची. आतल्या चिठ्ठीवर नाव-गाव लिहून ठेवायचं. पण पोरं लिहायचीच नाहीत. नाव लिहिलं की मरण ओढवतं, अशी त्यांची समजूत. लिहिलं नाही म्हणून कुणी वाचलं नाही, ते सोडा.

चमचा मी खिशात टाकला, कुणाला दाखवलाही नाही. नळी घरी आणून उघडली. चिठ्ठी कोरी.

मी पेन्सिल घेतली आणि येगोरचं नाव लिहिलं.

आमच्या तुकडीचा म्होरक्या प्रोखोर, ट्रॅक्टर चालवणारा. त्याने चिठ्ठी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. अक्षर ओळखलं मेल्याने.

"अगं, हे काय करून बसलीस?"

"म्हातारी सुखाने मरेल. तुझं काय जातं?"

"माझं काही नाही जात. पण कुणाचं तरी जातंच की."

तरी गप्प राहिला. आम्ही पेटी पुरली. मावशीला खुर्चीत बसवून नेलं होतं. आमच्या रीतीप्रमाणे थडग्यावर मेलेल्यासाठी व्होडकाचा पेला, वर काळ्या पावाचा तुकडा. ती हसत होती आणि रडत होती. मला वाटलं, चला, पुण्य पदरात पडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लापशी घेऊन गेले. भरदुपारी असं धुकं, की स्वतःचा हात दिसू नये. ओल्या मातीचा वास थेट घरात शिरलेला. टेबलावर दोन ताटल्या, एक चाटूनपुसून स्वच्छ.

"येगोर आलाय," मावशी म्हणाली.

ताप चढलाय, मी मनात म्हटलं. "बरा आहे ना?"

"बरा आहे..." तिने मला जवळ ओढलं, कानाशी तोंड आणलं. "पण हा डावखुरा आहे गं. आमचा येगोर नव्हता..."

खिशातला चमचा एकदम जड झाला.

"आणि बाहेर कुंपणाशी एक उभा आहे," ती कुजबुजली. "माती दिली तेव्हापासून. कपाळावर केसांचा भोवरा अगदी आमच्या येगोरसारखा. कोण रे तू, म्हटलं, तर नुसतं तोंड उघडतो... नाव सांगता येत नाही बिचाऱ्याला. येगोर म्हणतो, दार उघडू नकोस. तो कुणीच नाही."

मी खिडकीशी गेले. धुक्यात लांब कोट घातलेला पोरगा कुंपणाची फळी धरून उभा होता. ओठ हलत होते. आवाज नव्हता.

मग मला राहवेना. "मावशी, मला माफ कर. चिठ्ठी कोरी होती. नाव मी लिहिलं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे... माझ्या भावाला मी दाराबाहेर ठेवला?"

आणि महिनाभर न उठलेली ती बाई उठली. भिंत धरत दाराकडे निघाली. दोन पावलं गेली आणि मागे ओढल्यासारखी थांबली. "सोड! अरे, सोड मला!" तिच्या शेजारी कुणी नव्हतं. पण तिच्या झग्याची बाही ताणली गेली होती, मी डोळ्यांनी पाहिलं. मी धावत जाऊन कडी काढली, दार सताड उघडलं. कुंपणाशी कुणी नव्हतं. मागे वळले तर मावशी जमिनीवर. डोळे दाराकडे, उघडे.

थडग्यावरची येगोरच्या नावाची पाटी मी आणि प्रोखोरने त्याच दिवशी काढली. चिठ्ठीवरचं नाव खोडरबराने घासलं. कागद झिजून आरपार दिसायला लागला, नाव तसंच. पेन्सिलीने लिहिलेलं!

आता तो लांब कोटातला पोरगा माझ्या कुंपणाशी उभा असतो. दार वाजवत नाही, आत येत नाही. मी रोज हात जोडते. पोरा, कुणाकडे मागू तुझं नाव परत? तो नुसता माझ्या ओठांकडे बघतो.

रोज सकाळी प्रोखोर रस्त्यावरून हाक मारतो, "अंतोनिना, चल गं!" आणि मी "आले!" म्हणून निघते. रविवारी त्याने हाक मारली. मी तोंड उघडलं, पण त्याआधीच कुंपणाकडून उत्तर गेलं.

"आले!"

माझाच आवाज.

प्रोखोर हसला. "आज लवकर आवरलंस की!" म्हणाला आणि धुक्यात शेजारून चालणाऱ्या कुणाशीतरी बोलत माळाकडे चालू लागला. मी काचेवर मुठी आपटल्या, जीव खाऊन ओरडले. ओठ हलले, आवाज नव्हता. त्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.