इंजिन बंद, तरी श्वास चालू

मुलगी झोपली आहे तोवर लिहून घेते. हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या हाताला जाणवलेलं आहे.

गेल्या ऑगस्टमधला मंगळवार. दुपारचे तीन. पेरू देशाच्या किनाऱ्यावर, चांकायमध्ये, माझ्या नवऱ्याचं, रुपेर्तोचं, मोटारसायकलचं गॅरेज आहे. मागे आमची एकच खोली. मध्ये प्लायवूडची भिंत. भिंतीपलीकडे आमची सात महिन्यांची लुआना झोपली होती.

फोर्तुनाता नावाची बाई गाडी ढकलत आली. बाई मूळची डोंगरावरची. गाडी तिच्या भावाची, सेनोनची. खाणीत होता तो. जूनमध्ये वरच्या बर्फाळ घाटात त्याला धाप लागली... आणि गाडीशेजारी बसल्या बसल्या गेला. आता त्या गाडीवरून ती इथे सकाळचा गरम काढा विकणार होती.

"मिस्त्री, ही अगदी माझ्या नवऱ्यासारखी. ढोसते नि धूर सोडते."

"गाडी होईल हो ताई दुरुस्त. नवऱ्याची गॅरंटी नाही," रुपेर्तो हसला.

त्याने प्लग काढला. काळाकुट्ट. ओली काजळी.

त्याचं हसू थांबलं.

"हे उलटं आहे गं," तो मला म्हणाला. "वर हवा विरळ, म्हणून तिकडच्या गाड्यांना पेट्रोल कमी सोडतात. अशी गाडी खाली आणली की हवा जास्त होऊन प्लग पांढरा पडायला हवा. हिला तर इथेही हवा पुरत नाहीये."

चोक मोकळा होता. फ्लोट ठीक. पेट्रोल सोडणारा जेट बारीकच, डोंगरावरचा. मग त्याने एअर फिल्टरच काढून टाकला. आता तरी हवा मिळेल.

धूर आणखी काळा झाला.

"रस्त्यावर नेऊन बघ ना," मी म्हटलं.

कोपऱ्यावर नेली... आवाज स्वच्छ.

परत आणून भिंतीला लावली... पुन्हा भकभक, पुन्हा काळा धूर.

रुपेर्तोने इंजिन बंद केलं. कार्बोरेटरच्या हवा घेणाऱ्या तोंडावर तळहात धरला... आणि तसाच राहिला.

"इकडे ये. हात लाव."

लावला.

इंजिन बंद होतं. तरी माझा तळहात आत ओढला जात होता. मग सुटत होता. पुन्हा ओढ. भराभर.

कुणी धापा टाकाव्यात तशी.

फोर्तुनातानेही हात लावला. तिचा चेहरा उतरला.

"सेनोन?" ती अगदी हळू म्हणाली. "अरे, सोड ना आता..."

ओढ वाढली.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं... भिंतीपलीकडून काहीच ऐकू येत नव्हतं. लुआना झोपेत घुरघुरते. ती घुरघुर थांबली होती.

मी धावले.

तिचे ओठ जांभळे पडले होते. इवलीशी छाती वरखाली होत होती, आवाज न करता. माझ्या तळहाताला जी लय जाणवली होती, त्याच लयीत.

"गाडी बाहेर काढा! आत्ताच्या आत्ता!"

दोघांनी ती ओढत पार समुद्राकाठी नेली. इकडे माझ्या कुशीत लुआनाने एक लांब श्वास घेतला... आणि भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं मी कधी ऐकलेलं नाही.

फोर्तुनाताने त्याच संध्याकाळी गाडी ट्रकवर चढवून वर, डोंगरात परत पाठवली.

"वाईट नव्हता हो माझा भाऊ," ती म्हणाली. "त्याला फक्त श्वास हवा होता."

मी तिला थांबवलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात लुआनाला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी रक्ततपासणीचा कागद दोनदा वाचला.

"वर कधीपासून राहता?"

"कुठे वर?"

"डोंगरावर. बाळाचं रक्त तिकडच्या मुलांसारखं दाट आहे. विरळ हवेत काही महिने राहिल्याशिवाय असं होत नाही."

लुआनाने किनारा कधीच सोडलेला नाही. आणि ती गाडी आमच्याकडे जेमतेम तासभर होती.

लुआना आता चालते. दार उघडं दिसलं की समुद्राकडे पाठ करून डोंगरांकडे बघत उभी राहते... तोंड उघडं ठेवून.

मी तिला उचलून आत आणते.