वळणावरची रेंज

सांगतो, पण पुन्हा विचारायचं नाही. लाइट गेली, तुमचे मोबाइल मेले, तेव्हा आठवला म्हातारा. एरवी मी खोकून बेजार झालो तरी एकाच्याही कानातली बोंडं निघत नाहीत. दर गुरुवारी अंधार पडला की आजोबा जातात कुठे, हेच ना? जरा दम धरा. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, मला रचून सांगता येत नाही. घडलं तसं सांगतो. माझ्यासोबत नाही घडलं. तुमच्या आजीच्या भावासोबत घडलं, माझ्या मेहुण्यासोबत.

त्याला सगळे खार म्हणतात. मोबाइलच्या टॉवरवर चढायचं काम करायचा. कमरेला पट्टा, खिशात पाना, आणि सरसर वर.

मला वाटायचं टॉवर म्हणजे मोठा दिवा, चहूकडे उजेड. खार म्हणाला, दाजी, दिवा नाही, तीन टॉर्च आहेत, तीन बाजूंना धरलेल्या. आपल्या टेकडीवरच्या टॉवरची एक टॉर्च बाजारावर, एक खालच्या वस्तीवर, एक खाणीच्या रस्त्यावर. तुम्ही गाडीत बसून तासभर बडबडता ना, तेव्हा एक टॉवर तुमचा फोन पुढच्याच्या हातात देतो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. पण खाणीच्या वळणापुढे हात पुढे करणारा टॉवरच नाही. तिथे आपली ती एकच टॉर्च. ती हलली की काळोख.

आणि आपली आळी पडली दोन टॉर्चच्या मधल्या फटीत. तुमची आत्या परदेशातून फोन करायची आणि मी गच्चीवर पाण्याच्या टाकीला चिकटून हॅलो हॅलो करायचो. अर्धं गाव ऐकायचं, फक्त तीच ऐकायची नाही. वर्षभर खारीचं डोकं खाल्लं. तो म्हणायचा, होत नाही दाजी, नियम आहेत. मग एकदा वादळ झालं आणि ढिले बोल्ट आवळायला तो वर गेला. मी खालून फोन लावला. म्हटलं, वर आहेसच तर फिरव जरा आमच्याकडे. वीतभर.

त्याने फिरवला. खाणीकडचा अँटेना. वीतभरच.

अँटेनाला हात लावला की चाचणीचा फोन घेऊन सगळा रस्ता पायी फिरायचा, कुठे किती रेंज ते टिपायचं, असं त्यांच्यात असतं. खारीला घरी जायची घाई. त्याने मागच्या वेळचेच आकडे पाठवून दिले. त्या रात्री मी गादीवर लोळत लेकीशी पोटभर बोललो. फार खूश होतो मी.

अठरा दिवसांनी दवाखान्यातला कंपाउंडर खाणीवरच्या कोणाची मलमपट्टी करून परत येत होता. वळणावर स्कूटर घसरली, तो नाल्याच्या कडेला पडला. मांडी मोडली, रक्त थांबेना. सकाळी ट्रकवाल्यांना सापडला तेव्हा गार होता. फोन मुठीत. दवाखान्याचा नंबर एकोणीस वेळा लावलेला. एकदाही लागला नव्हता.

खार माझ्याकडे आला आणि ओट्यावर बसून राहिला. मी म्हटलं, अरे, त्याचा टायर गुळगुळीत होता, सगळे सांगतात. तोही म्हणाला, हो, टायर गुळगुळीतच होता. आम्ही दोघांनी सगळं टायरवर ढकललं. टायर काही उलटून बोलत नाही.

पण खारीचं जेवण तुटलं. दीड महिन्याने, डिसेंबरच्या बारा तारखेला, गुरुवारी, जी चाचणी टाळली होती ती करायला तो निघाला. आधी नीट तपासायचं, सकाळी चढून अँटेना जागेवर आणायचा, असं ठरवून. दिवसभर त्या रस्त्यावर ट्रक आणि धूळ, म्हणून ट्रक थांबल्यावर, साडेसातला. काम साधं. पन्नास पावलं चालायचं, रेंजच्या दांड्या बघायच्या, वहीत लिहायचं. चार. चार. तीन. दोन.

वळण आलं... एक.

मग काहीच नाही. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. त्याने शून्य लिहिलं. पन्नास पावलं. शून्य.

नाल्याची कड आली.

फोन वाजला.

हां, हसलास. प्रायव्हेट नंबर असेल म्हणे. अरे शहाण्या, प्रायव्हेटलाही रेंज लागते. दांडी एक नाही. पडद्यावर नंबर नाही. आणि फोन वाजतोय.

त्याने उचलला.

नुसता श्वास... दम लागलेला. मग हळूच, "लागला... लागला एकदाचा."

खारीने फोन कानाला घट्ट दाबला.

"हॅलो... येतोय का आवाज?"

"येतोय."

"मग तेव्हा का नाही आला?"

...

खार सांगतो, पळता आलं असतं. पाय मोकळे होते. पण आवाजात राग नव्हता. दवाखान्याच्या खिडकीतून कंपाउंडर विचारायचा ना, ताप किती दिवस आहे, गोळी जेवणाआधी घेतली की नंतर... तसा. खरं सांगावं असा. म्हणून पळाला नाही. म्हणाला, मी अँटेना फिरवला होता.

"कोणासाठी?"

...

...

"दाजींसाठी."

"बरं."

बंद झाला.

उजाडताच खार वर चढला आणि अँटेना होता तिथे आणून बसवला. तो शेवटचा चढला. आता नळ दुरुस्त करतो. घरात रेंज नाही म्हणून तुम्ही माझ्या नावाने बोटं मोडता, ती तेव्हाच गेली.

गेल्या पावसाळ्यात टॉवर चार दिवस बंद होता, आठवतं? बाजारात नाही, वस्तीत नाही, कुठेही दांडी नाही. त्या वळणावर, नाल्याच्या कडेला, पाच. माणूस आडवा मावेल एवढीच जागा. एक पाऊल बाजूला, शून्य. ट्रकवाले रांग लावून तिथून घरी फोन करत होते. कंपनीचे साहेब मशीन घेऊन आले, त्या जागेवर उभे राहिले, एकमेकांकडे बघितलं आणि काही न लिहिता निघून गेले.

मी गुरुवारी तिथे जातो. आठ दहाला पोचतो. फोन हातात धरून बसतो. पाच दांड्या असतात. त्याचा आला तर सांगेन की बाबा, मीच मागितलं होतं, वीतभर. टायरचं काही नव्हतं. अजून एकदाही वाजला नाही. माझं नाव कळल्यावर तो नुसता "बरं" म्हणाला, त्याचं पुढे काय, ते मला कोणी सांगत नाही.

खार खोटं बोलला असं मी म्हणत नाही. पण मेलेल्या माणसाला माझं नाव देऊन आला, आणि वर मलाच म्हणतो, काय करू दाजी, त्याने विचारलं. त्यानंतर त्या विषयावर चकार शब्द नाही. मला कंपाउंडरची माफी मागायची आहे, ते माझं मी बघेन. माझी माफी मागायची राहिली आहे ती खारीने.