टेकाडापलीकडची गाडी

रविवारी दुपारी साउथहॅम्प्टनच्या त्या घरात पुढच्या खोलीचा गालिचा दिसेनासा झाला होता. त्यावर ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटी वाटेचे नकाशे आणि जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमधून आणलेली गाइडबुकं पसरली होती. मधोमध उल्हास मांडी घालून बसले होते. शुक्रवारी हृदयाच्या डॉक्टरांनी जायला हरकत नाही म्हटलं, तेव्हापासून स्वारी खुशीत होती.

"बायपास झालेल्या माणसाला वाळवंट हवंय," त्यांची बायको नंदा आतून म्हणाल्या.

"म्हणून तर हायवे सोडून चाललोय."

त्यांच्याबरोबर निघालेली मुलगी मालविका नुकतीच फिजिक्स घेऊन पदवीधर झाली होती. तिने सगळी गाइडबुकं पडताळून पाहिली. पाणी किती, डिझेल किती, यावर त्यांचं जमत नव्हतं. एका नियमावर मात्र एकमत होतं: वाळूच्या टेकाडावर चढण्याआधी रेडिओवरून दिशा आणि माणसं सांगायची. पलीकडून कोणी येत असेल, तर एकाने खाली थांबायचं.

बापलेक रोज सराव करत. मालविका वॉकीटॉकी घेऊन सोफ्यावर चढे. "पूर्वेकडून एक गाडी, दोन माणसं."

"या, पण बूट काढून," नंदा ओरडत.

कालपासून मात्र ती बोलून थांबली की सेटमधून खरखर येई, वाळू घसरावी तशी. बंदरातल्या जहाजांचे रेडिओ असतील, म्हणून मालविकाने चॅनल बदलला. खरखर तीच. शेवटी तिने बॅटरी काढून स्वयंपाकघरात चार्जिंगला लावली.

"रिकाम्या सेटवर म्हण," उल्हास म्हणाले. "सवय मोडायला नको."

ती हसत सोफ्यावर चढली. "पूर्वेकडून एक गाडी, दोन माणसं."

खरखर आली. मग आवाज.

"पश्चिमेकडून एक गाडी. एक माणूस."

आवाज थकलेला होता, पण मजेत. मालविकाचा स्वतःचा.

"बाबा, यात बॅटरी नाहीये."

"ऐकलं मी." उल्हासांचा चेहरा निकाल लागलेल्या पोरासारखा फुलला होता. "पार करून परत निघालीस की गं."

"एक माणूस म्हणाली ती."

त्यांनी सेट तिच्या हातातून अलगद घेतला आणि बटण दाबलं.

"तू ये, बाळा. मी थांबतो."

इंजिनाची घरघर चढणीला लागली. माथ्यावर आली.

खिडक्या बंद होत्या. गालिच्यावरचे नकाशे एकामागून एक फडफडले, पश्चिमेकडून पूर्वेकडे.

उल्हासांनी हसून हात हलवला.