हरवल्याच्या वहीतला भोपळा

तिचं कुणी खरं मानलं नाही. लॉन्ड्रीच्या मालकाने नाही, कपडे पोचवणाऱ्या गाडीवाल्याने नाही, जिला पोटच्या पोरीसारखं जवळ केलं त्या भाचीनेसुद्धा नाही. चांगली पन्नाशीला आलेली बाई भोपळा चोरीला गेला म्हणून तोंड पाडून बसते, आणि तो भोपळा म्हणे मोबाइलच्या खेळातला. एवढं ऐकलं की लोक हसायला मोकळे. हसा ना. पण पुढचं ऐकून मग हसावं, एवढी अक्कल एकालाही सुचली नाही.

लॉन्ड्रीतले बॉयलरवाले काका ही गोष्ट सांगतात ती रात्रपाळीला, वाफ उतरून मशिनं गार व्हायला लागली की. नव्या पोरी चादरींच्या गाठोड्यांवर पाय पसरतात. एखादी मोबाइल काढते. टुणटुण गाणं वाजतं. काकांची मान वळते.

"कसला खेळ गं तो? बागेचा?"

"हो काका. का?"

"काही नाही. खेळ तू. आवाज तेवढा बंद ठेव."

असं म्हटल्यावर कुठली पोर गप्प बसते? मग सांगावंच लागतं.

काका थापाड्या माणूस नाही. त्यांची उभी हयात त्या बॉयलरजवळ गेली. जिच्यावर हे बेतलं ती त्यांच्यापासून दहा पावलांवर पंचवीस वर्षं इस्त्री करत होती. सगळे तिला मावशी म्हणत. तिला नाव होतं, पण ते पगाराच्या कागदापुरतं.

मावशी लॉन्ड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत राहायची. एकटीच. तिला एक धाकटी बहीण होती, तिला लहानपणापासून मुंगी म्हणत, कारण घरातली साखर कुठेही लपवा, ही पोचायचीच. मुंगी लग्न करून आठ तासांवरच्या गावी गेली. तिचा नवरा पुढे निघून गेला. कुठे ते विचारू नका, त्यालाही धड ठाऊक नसेल. मुंगी एका मुलीला घेऊन तिथेच राहिली, शिवणकाम करून. दोघी बहिणी फोनवर बोलायला लागल्या की पाचव्या मिनिटाला एक तरी रडायची. म्हणून त्यांनी बोलणं कमी केलं आणि खेळायला लागल्या.

खेळ जुना. जुन्याच फोनवर चालायचा, आणि ज्याची बाग त्याच्याच फोनवर उघडायची. एक बुटकं घर, निळं दार, धुराडं, ओट्यावर झोपलेलं मांजर आणि पुढे बाग. पाणी घातलं की टपटप वाजायचं. फाटकातून कुणी आलं की घंटा वाजायची, टिण, आणि फाटकावरच्या पाटीवर पाहुण्याचं नाव उमटायचं. त्यात मारामारी नाही, घाई नाही, कुणी हरत नाही. दिवसभर वाफेत उभ्या राहणाऱ्या बाईला आणखी काय पाहिजे?

त्या खेळात पाहुण्याने एक पिकलेलं फळ न्यायची मुभा होती. पण त्या जागी काहीतरी ठेवून जायचं. लोक फूल ठेवत, शिंपला ठेवत. मुंगी ठेवायची धोंडा. साधा राखाडी धोंडा, ज्याला त्या खेळात कुत्रं विचारत नाही. आणि न्यायची काय, तर कुंपणाजवळचा भोपळा, जो पिकायला तीन दिवस लागतात. शिवणयंत्रावर कापड झाकून झालं की रात्री अकरा बावन्नला यायची. घड्याळ लावावं तिच्यावर.

"चोरटी मेली," मावशी फोनवर म्हणायची.

"मग राखण कर की, ताई," मुंगी म्हणायची.

वर्षानुवर्षं हेच. दोघींचं सगळं प्रेम त्या एका भोपळ्यात.

एका रात्री अकरा बावन्न झाले आणि घंटा वाजली नाही. फोन वाजला.

"ताई, आज भोपळा राहू दे. अंगात त्राणच नाही गं."

"नवीन नाटक काढलंस होय? आज नको म्हणायचं आणि उद्या दोन न्यायचे."

"खरं सांगतेय."

"बरं बरं. झोप आता."

सकाळी भाचीचा फोन आला. मुंगी गेली होती.

हे मावशीने काकांना एकदाच सांगितलं. परत तो विषय काढला नाही, काढू दिला नाही.

भाची आली ती एक पिशवी आणि आईचा फोन घेऊन. सोळा वर्षांची पोर. मावशीने तिला आतली खोली दिली, शाळेत घातलं, वेळच्या वेळी ओरडली. दोन खोल्यांत पुन्हा कुणीतरी वावरायला लागलं. पण रात्री मावशी बाग उघडायचीच. सगळी फळं तोडायची, कुंपणाजवळचा भोपळा सोडून. त्या खेळात भोपळा सडत नाही. दीड वर्ष तो तसाच राहिला, पिवळाधमक.

मग फेब्रुवारीची पंधरा तारीख. बुधवार. मावशी खाटेवर बसून पायाला तेल चोळत होती, फोन उशीला टेकवलेला होता.

टिण.

हात पुसून तिने चष्मा लावेपर्यंत भोपळा गेला होता. त्या जागी धोंडा होता. पाटीवर नाव होतं, मुंगी.

मावशी तशीच आतल्या खोलीत गेली आणि दिवा लावला.

"ऊठ. आईचा फोन कुठाय?"

भाचीने उशीखालून काढून दिला. "काय झालं?"

"तिच्या फोनवरून खेळतेस?"

"मी? मी फक्त आवाज ऐकते तिचा, जुने निरोप आहेत त्यातले. खेळ उघडतसुद्धा नाही."

"थट्टा करायची तर माझी कर. तिच्या नावाने करू नकोस."

"मी नाही केलं, मावशी."

"नाटकं करू नकोस."

पोर तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तूच करत असशील. झोप तुलाच नसते. करतेस आणि विसरतेस."

सकाळी मावशीने आणखी एक शहाणपणा केला. लॉन्ड्रीत हरवल्याची वही असते. अभ्रा हरवो, टॉवेल कमी येवो, त्यात लिहायचं: काय गेलं, कधी गेलं, कुणाकडून गेलं. तिसरा रकाना रिकामा ठेवून पान उलटायचं नाही, असा तिथला नियम. शेवटी कुणावर तरी ठपका पाहिजे. मावशी चौथी शिकलेली. मोठाल्या अक्षरांत तिने लिहिलं: भोपळा एक. बुधवार रात्र. आणि तिसऱ्या रकान्यात लिहिलं: भाची.

मालकाने वाचलं आणि पोट धरून हसला. गाडीवाला तिला भोपळेबाई म्हणायला लागला. तिने सगळं खरं खरं सांगितलं, तर म्हणाला, "मावशी, चष्म्याचा नंबर बघून घ्या." दुपारी भाची वरच्या खोलीची किल्ली द्यायला खाली आली. वही वजनकाट्याजवळ उघडीच होती. तिने वाचलं. किल्ली ठेवली आणि गेली.

रात्री दाराआडून मावशीला ऐकू आलं. पोर आपल्या आत्याशी बोलत होती. "रविवारी न्यायला ये. इथे माझ्यावर विश्वास नाही कुणाचा."

मावशी भांडकुदळ होती, बहिरी नव्हती. तिने रात्रभर डोळा लावला नाही. पण माफी मागायची म्हणजे चोर दुसरा पाहिजे. आणि दुसरा चोर कुठून आणायचा?

शनिवारी संध्याकाळी सहाला ती काकांकडे आली. हातात रुमालात गुंडाळलेला मुंगीचा फोन होता. काकांच्या समोर तिने मागचं झाकण उघडलं, बॅटरी काढून घेतली आणि फोन तसाच, उघड्या पाठीचा, चादरींच्या लोखंडी कपाटात ठेवला.

"कुलूप घाला. किल्ली तुमच्याकडे राहू दे. बॅटरी माझ्याकडे."

"बाई, एवढं कशाला?"

"बुधवारी बी पेरलंय. भोपळा आज रात्री पिकतोय. पोरगी माझ्या शेजारी बसेल. आज काही गेलं नाही, तर चोर तीच. उद्या खुशाल जाऊ दे तिला."

"आणि गेलं तर?"

मावशीने बॅटरी मुठीत घेतली. जिना चढून गेली.

"किल्ली कुठे होती, विचारा," काका इथे थांबून म्हणतात. पोरी विचारत नाहीत. काका खिशावर हात ठेवतात. "इथे."

अठरा फेब्रुवारी. शनिवार. रात्रीचे साडेअकरा.

एका खाटेवर दोघी बसल्या होत्या, मधे हातभर जागा सोडून. समोर स्टुलावर तांब्याला टेकवलेला मावशीचा फोन. दाराजवळ भाचीची बांधलेली पिशवी. बॅटरी मावशीच्या मुठीत.

"मला सकाळी लवकर उठायचंय."

"बारापर्यंत बस."

"बारा वाजले तरी तू मानणार नाहीसच."

"बस म्हटलं ना."

बागेत सगळं शांत होतं. धुराड्यातून धूर निघत होता. कुंपणाजवळ भोपळा पिकला होता. मावशीने गाण्याचा आवाज बंद केला, घंटेचा राहू दिला.

अकरा पन्नास.

ओट्यावरचं मांजर उठलं.

"हे उठतं?" भाचीने विचारलं.

मावशीने मान हलवली. इतक्या वर्षांत ते कधी उठलं नव्हतं. ते फक्त झोपायचं. आता ते ओट्याच्या कडेला आलं आणि फाटकाकडे बघत बसलं.

अकरा एक्कावन्न.

बावन्न... काही नाही.

त्रेपन्न.

भाचीने श्वास सोडला. मावशीने मूठ आणखी आवळली. बॅटरीची कड तळहातात रुतली. म्हणजे हीच. म्हणजे उद्या ही जाणार, आणि ह्या दोन खोल्या...

टिण.

फाटक उघडलं.

नेहमी टोपीवाली बाहुली आत येते. कुणीच आलं नाही. नुसतं फाटक उघडं. वाटेवरच्या गवताचं एकेक पातं दबत गेलं. हळू... दमलेलं माणूस चालावं तसं. मांजराची मान त्याच्यासोबत वळत गेली.

भोपळा हलला.

भोपळा गेला.

धोंडा.

पाटीवर अक्षरं उमटली. दोघींनी वाचली. दोघींपैकी कुणीच मोठ्याने वाचली नाहीत. भाचीचा हात केव्हा मावशीच्या दंडाला घट्ट धरून बसला होता, ते दोघींनाही कळलं नाही.

फळ घेतलं की पाहुण्याच्या फोनवरही एकदा घंटा वाजते. तसा तो खेळच आहे.

ती वाजली.

फरशीखालून. अगदी बारीक... लोखंडाच्या आतून यावी तशी.

टिण.

खाली काका कपाटाकडे पाठ करून बसले होते. त्यांनीही ऐकली. किल्ली खिशात होती. उठायचं होतं. उठले नाहीत. "खोटं कशाला सांगू," काका म्हणतात, "पायच उचलला नाही."

जिन्यावर पावलं वाजली. दोघी खाली आल्या, अनवाणी, एकमेकींचा हात धरून. मावशीने नुसता हात पुढे केला. काकांनी किल्ली दिली.

कुलूप जसंच्या तसं होतं. आत चादरींच्या घड्या जशाच्या तशा. वर फोन, काळा, पाठ उघडी. बॅटरीची जागा रिकामी.

मावशीने तो उचलला.

आणि तशीच उभी राहिली.

"काय?" भाची म्हणाली.

"गरम आहे."

बारा वाजत आले होते. हिवाळा. लोखंडी कपाट हाताला बर्फ लागत होतं. आणि इस्त्रीवालीचा हात आहे तो. कापडाला सोसेल किती आणि सोसणार नाही किती, हे पंचवीस वर्षं बोटांनी ओळखलेला हात. तो गरमाला फसत नाही. तिने मूठ उघडून बॅटरी पाहिली. बॅटरी होती. मग फोन भाचीच्या हातात दिला. पोरीने तो गालाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"मी नव्हते, मावशी."

"नव्हतीस."

बॉयलरमधे पाणी कुठेतरी टपटपत होतं.

"ती खरं सांगत होती," मावशी म्हणाली, "त्या रात्री. मी म्हटलं नाटक करतेस." आणि मग, इतक्या हळू की काकांना तोंडाकडे बघून कळलं, "तुलाही तेच म्हटलं."

भाचीने फोन गालावरून काढला. "बॅटरी दे. चार्ज करून ठेवते."

रविवारी आत्या आली. चहा प्यायली, दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि एकटीच परत गेली. पिशवी दुपारीच सुटली होती. आता मावशीचे गुडघे गेलेत, ती जिना उतरत नाही. भाची इथेच खालच्या काउंटरला बसते. बागेत कुंपणाजवळ आता एक नाही, दोन भोपळे लावतात.

"मग फोन गरम कसा झाला, काका?" पोरी विचारतात.

"ते मला विचारू नका."

"आणि भोपळा? तो कुणावर घातला शेवटी?"

काका उठतात. फळीवरून हरवल्याची जुनी वही काढतात, थुंकी लावून पानं उलटतात, दिव्याखाली धरतात. पोरी वाकून बघतात. मोठाली, चौथीची अक्षरं. भोपळा एक. बुधवार रात्र. पुढे भाची लिहिलेलं, ते इतक्या जोरात खोडलंय की कागद फाटलाय. त्याखाली, भोपळा एक, शनिवार रात्र. दोन्ही ओळींना मिळून एक मोठा कंस. आणि तिसऱ्या रकान्यात, रिकामा ठेवायचा नाही म्हणून:

मुंगी.