अंगठा चाटणारं भूत

रुखमाच्या खात्यातून झालेल्या चोवीस हजारांच्या चोरीतून तिच्या नवऱ्याला, सुनिलला, मिळण्यासारखं काही नव्हतं. राइस मिलचा पगार होता, गावातलं एकमेव सोलर त्याच्याच छपरावर होतं, दारूचा थेंब नाही. गावात दुसऱ्या कुणाकडेही नवी गाडी आली नव्हती, कुणाची उधारी फिटली नव्हती. पैसे नेतो पण खर्च करत नाही, असा चोर म्हणजे भूतच, असा हिशेब कुरखेड्याजवळच्या त्या जंगलगावानं मांडून टाकला होता.

"बेरीज बरोबर आहे, उत्तर चुकलंय," जीपमधून उतरताना आफ्रीन म्हणाली.

आफ्रीन चंद्रपूरची खासगी तपासनीस. धनराज तिचा मदतनीस, ड्रायव्हर आणि भुतांना मनापासून मानणारा. मोहाच्या झाडांच्या सावलीत भरदुपारी अंधारलेलं घर पाहून त्यानं जीपची चावी मुठीतच ठेवली.

रुखमा ओसरीवर वाट पाहत होती. तिनंच त्यांना बोलावलं होतं.

"बाई, तेंदूपत्त्याचे पैसे खात्यातून जाऊन राह्यले. मशीनवर माझाच अंगठा लागला म्हनते. मी तं गेलीच नाई." तिनं आवाज उतरवला. "रातच्याले कोनीतरी माझा अंगठा चाटते. सकाळी ओलसर लागते. खोबऱ्याच्या तेलाचा वास येते."

धनराजनं आपला अंगठा गुपचूप खिशात घातला.

"जाग येत नाही तुम्हाला?"

"पाठीची गोळी घेतो न, गाढ झोप लागते. हेच आनून देतेत. बाया म्हनतेत, असा नवरा भेटाले नशीब लागते."

त्याच दुपारी गावच्या तलावाचा लिलाव होता. मासेमारीचा ठेका रुखमाला स्वतःच्या नावानं घ्यायचा होता, ते पैसे त्यासाठीच होते.

सुनिल चहा घेऊन आला. धनराजला मोबाईल चार्ज करायचा होता, म्हणून रुखमा कोपऱ्यातल्या बॅटरीच्या पेटीकडे वळली.

"हात नको लावू! करंट मारते," सुनिल ओरडला. "बटन नाई समजत तुले, तलाव काय चालवशील?" मग आफ्रीनकडे पाहून हसला. "भोळी आहे जी. तिच्या भल्याचंच बोलतो."

गावचा पुजारी लालसू याला गाठलं, तर भूत म्हटल्याबरोबर तो चिडला. "माझा देव कोंबडा घेते, बाई. अंगठा चाटून त्याचं पोट भरते का?"

बँकेच्या मशीनवर अंगठा घेऊन खात्यातले पैसे काढून देणारा मुश्ताक शाळेसमोरच्या टपरीत बसला होता.

"भाभीचा अंगठा दिवसा तं लागतच नाई," तो म्हणाला. "तेंदूपत्त्याचे पुडे बांधून भेगा पडल्या. तेल चोळा, ओल्या फडक्यानं पुसा, तवा कुठी मशीन घेते."

"मशीन रात्री तुझ्या घरी?"

"गावात लाइट राह्यते कुठी? सोलरवाल्या घरी चार्जिंगले ठेवतो, रोकडीच्या पिशवीसकट. पासवर्ड मागं चिकटवला आहे."

"रात्रीच्या नोंदी दिसल्या नाहीत?"

मुश्ताक टेबलावरची नसलेली धूळ पुसू लागला. "कमिशन येते न, मॅडम. आदमी जास्त विचारत नाई."

ओसरीवर सुनिल आणि रुखमा दोघंही होती. परतल्यावर आफ्रीननं चपलाही काढल्या नाहीत.

"धनराज, भूत अंगठा चाटत नव्हतं. तेल चोळून पुसत होतं. बाईला गोळी द्यायची आणि झोपलेल्या हाताखाली मशीन धरायचं. मशीन रात्री याच घरात असतं."

"पन भाऊनं पैसा उडवला कुठी?"

"उडवलाच नाही. कोठी, चूल, मडकी सगळी रुखमाबाईंच्या हाताखालची. या घरात त्यांना हात लावायची बंदी एकाच जागी आहे."

तिनं बॅटरीच्या पेटीचं झाकण उचललं. मागच्या फटीत प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळलेल्या नोटा होत्या.

रुखमा नोटांकडे नाही, नवऱ्याकडे पाहत राहिली. "काऊन जी? मागतले असते तं..."

"खर्चाले नाई घेतले," सुनिल म्हणाला, जणू हाच त्याचा बचाव होता. "बाईच्या हाती पैसा आला का बाई हाती राह्यत नाई. तुझ्याजवळ नसले पायजे, एवढंच."

तेवढ्यात आफ्रीनचा फोन वाजला. रुखमानं जिच्या फोनवरून तिला बोलावलं होतं, ती बचत गटातली सुगंधाबाई लिलावातून बोलत होती. तलाव दुसऱ्याच्या नावावर गेला होता, तीन वर्षांसाठी.

रुखमानं नोटा पदरात बांधल्या आणि स्वतःच जीपमध्ये जाऊन बसली. "ठान्यात चला, धनराजभाऊ."

ठाण्यात जे व्हायचं ते पुढे होईल. त्या दिवसापुरता हिशेब असा: नोटा मोजल्या, रक्कम पूर्ण भरली. सुनिलच्या पगारातला रुपया हलला नाही. मुश्ताकचं कमिशन मुश्ताककडेच राहिलं. हुकलेल्या तलावाची तीन वर्षं भरली ती रुखमानं.